बालकांसह तीर्थवंदना : सुट्टीतील प्रवासाचा एक विचार

(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



पन्नास वर्षांपूर्वी या ट्रस्टचे रोपटे लावले गेले, त्या काळी सामान्य श्रावकाच्या घरात प्रवासाची कारणे दोनच असत. एक लग्नकार्य आणि दुसरे यात्रा. हवापालट हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी असे आणि सहल शाळेची असे. यात्रा ठरली की महिनाभर आधी घरात लगबग सुरू होई. वळकट्या बांधल्या जात. पितळी डब्यांत दशम्या, लाडू आणि चिवडा भरला जाई, पाण्याचे गाळणे व रॉकेलचा स्टोव्ह वेगळ्या पिशवीत जाई. ठरवून घेतलेल्या एस.टी. गाडीत आजी-आजोबांपासून मांडीवरच्या बाळापर्यंत सारे बसत. मुलांना यात्रेस न्यावे की न न्यावे, हा प्रश्नच त्या वेळी कोणास पडला नाही. घराला कुलूप लागणार असेल तर मुले कोठे राहणार? ती आपोआप यात्रेकरू होत.

आज तो प्रश्न पडू लागला आहे. सुट्टी आणि यात्रा या दोन वस्तू वेगळ्या झाल्या आहेत. सुट्टी मुलांची, आणि यात्रा म्हाताऱ्यांची, अशी वाटणी बहुतेक घरांत कोणी न बोलताच होऊन गेली आहे. मे महिन्यात आई-वडील मुलांना घेऊन थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकिनारी जातात, आणि आजी-आजोबा समाजाच्या बसमधून तीर्थक्षेत्री जातात. यात कोणाची चूक आहे असे नव्हे. नोकरीतील रजा मोजकी, शाळांचे वेळापत्रक घट्ट, मुलांच्या आवडी वेगळ्या. परंतु या वाटणीचा परिणाम असा झाला आहे की, ज्यांना कथा ठाऊक आहेत ते एका गाडीत आणि ज्यांनी त्या ऐकाव्यात ते दुसऱ्या गाडीत बसले आहेत.

दुसरीकडे, मुलांना आवर्जून यात्रेस नेणारी कुटुंबेही आहेत. त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. मात्र त्यांतील अनेकांची यात्रा पाहिली तर ती आठ दिवसांत अकरा क्षेत्रे अशा हिशेबाची असते. पहाटे चारला उठणे, थंड पाण्याने स्नान, दर्शन, पुन्हा गाडी, दुपारी दुसरे क्षेत्र, संध्याकाळच्या भोजनाची धावपळ, रात्री तिसऱ्या धर्मशाळेत सामान उतरविणे. प्रौढ माणसास यात पुण्यसंचयाचे समाधान मिळते. सात वर्षांच्या मुलास केवळ झोपमोड आणि गाडी लागणे एवढेच लक्षात राहते. असे मूल पंधरा वर्षांचे झाले की यात्रेचे नाव काढताच अभ्यासाचे कारण पुढे करते. त्याला धर्माचा कंटाळा आहे असा निष्कर्ष पालक काढतात. वास्तविक त्याला कंटाळा असतो तो बसचा.

म्हणून पहिला विचार असा की, मुलांसह करावयाची यात्रा ही मोठ्यांच्या यात्रेची लहान आवृत्ती असू नये. तिचे नियमच वेगळे असावेत. एका सुट्टीत एक क्षेत्र, फार तर दोन. एका ठिकाणी निदान दोन रात्री मुक्काम. दिवसाला एकच डोंगर. पाच दिवसांत पाच क्षेत्रांचे दर्शन घडले नाही म्हणून कोणाचे पुण्य उणे होत नाही. काही ज्येष्ठांना हे पटणार नाही, “एवढे लांब आलो तर तेही करून घेऊ” हा मोह मोठा असतो. परंतु मूल बरोबर असताना तो आवरावा.

आता उदाहरणासाठी श्रवणबेळगोळचेच क्षेत्र घेऊ, कारण दक्षिण महाराष्ट्रातील बहुतेक जैन घरांत तेथील एक तसबीर भिंतीवर असतेच. मिरजेहून बेंगळुरूकडे जाणारी रात्रीची गाडी अरसीकेरेला थांबते; तेथून पुढे रस्त्याने जाता येते. बेंगळुरूकडून येणाऱ्यांसाठी २०१७ पासून हासनला जाणाऱ्या नव्या लोहमार्गावर श्रवणबेळगोळ हे स्वतंत्र स्थानकही झाले आहे. रेल्वेचा प्रवास मुलांना मानवतो, कारण गाडीत पाय मोकळे करता येतात आणि खिडकीतून भाषा बदलताना दिसते. मिरजेच्या पाट्या मराठी, बेळगावच्या पुढे कन्नड. सीमेवरील आपल्या अनेक घरांत दोन्ही भाषा नांदतात, त्या घरांतील मुलांना तर पाट्या वाचण्याची शर्यतच लावता येते.

विंध्यगिरीवर चढण्यास खडकातच खोदलेल्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या आहेत. पादत्राणे पायथ्याशी ठेवावी लागतात. मे महिन्यात सकाळी नऊनंतर तो खडक असा तापतो की मोठ्यांचेही पाय पोळतात. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास चढावयास सुरुवात करावी, मुलांच्या पायांत जाड सुती मोजे घालावेत आणि ऊन चढण्यापूर्वी खाली उतरावे. दिवाळीच्या सुट्टीत हा त्रास पुष्कळ कमी. खरे म्हणजे कर्नाटकातील क्षेत्रांसाठी मेपेक्षा दिवाळीची सुट्टीच अधिक सोयीची. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू आपल्या गावच्या मंदिरात चढवून त्याच संध्याकाळी निघता येते.

वर पोहोचल्यावर काय करावे? येथेच बहुतेक पालकांची घाई होते. दर्शन, अर्घ्य, एक छायाचित्र आणि परत. त्याऐवजी मुलांना मूर्तीसमोर निवांत बसू द्यावे. सत्तावन्न फूट उंचीची, एकाच शिळेतून घडविलेली, मांड्यांच्या वर कशाचाही आधार नसलेली ही मूर्ती गंग राजांचे मंत्री व सेनापती चावुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविली. प्रतिष्ठेचे वर्ष ९८१ मानले जाते. परंतु मुलास आकडे लगेच सांगू नयेत. त्याला आधी पाहू द्यावे. पायांवरून चढणारी वेल त्याला दिसेल, वारुळातून डोकावणारे साप दिसतील, आणि मग ते विचारील की हे येथे का आहे? प्रश्न आला की कथा सांगण्याची वेळ आली.

भरत आणि बाहुबली यांची कथा मुलांना आवडत नाही असे कधी होत नाही. दोन भाऊ, दोन सैन्ये समोरासमोर उभी, आणि मंत्री म्हणतात की तुम्हा दोघांच्या मानापमानासाठी हजारो सैनिकांनी का मरावे? मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली विजयी. मल्लयुद्धात भावाला वर उचललेले असताना त्याच्या मनात वैराग्य उपजते, आणि जिंकलेले राज्य तो जिंकलेल्या क्षणी सोडून देतो. शालेय क्रीडास्पर्धेत दुसरा क्रमांक आला म्हणून रडणाऱ्या मुलाला ही कथा जेवढी कळते, तेवढी कदाचित प्रौढांनाही कळत नसेल. त्यानंतर वर्षभर उभे राहून केलेले तप, अंगावर चढलेल्या वेली, आणि मनात राहिलेली एक सल. ती सल कोणती, हे मुलांना आधी ओळखावयास सांगावे. त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

मूर्तीच्या समोरच एका वृद्धेची छोटी मूर्ती आहे. ती गुल्लकायज्जी. आख्यायिका अशी की, चावुंडरायांनी प्रथम महाभिषेकासाठी घडेच्या घडे दूध ओतविले, तरी ते मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना. तेव्हा एक गरीब म्हातारी वांग्यासारख्या एका फळाच्या करवंटीत चमचाभर दूध घेऊन आली. लोक हसले. परंतु तिने वाहिलेले दूध मस्तकापासून चरणांपर्यंत पोहोचले आणि डोंगरावरून खाली वाहू लागले. चावुंडरायांचा अभिमान उतरला, आणि त्यांनीच त्या म्हातारीची मूर्ती तेथे बसविली असे सांगतात. बारा वर्षांनी होणाऱ्या महामस्तकाभिषेकात, जसा २००६ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये झाला, पहिल्या कलशासाठी मोठमोठ्या रकमांची बोली लागते, हे मुलांच्या कानावर आलेले असतेच. गुल्लकायज्जीसमोर उभे राहून चौकस मूल पालकांना याविषयी काय विचारील, ते सांगणे नको. प्रश्न विचारल्यास त्याला दटावू नये, एवढेच.

मराठी मुलांसाठी तेथे आणखी एक ठेवा आहे. गोम्मटेश्वराच्या पायांच्या दोन्ही बाजूंस कोरलेल्या शिलालेखांत कन्नड आणि तमिळ ओळींबरोबर नागरी लिपीतील मराठी ओळी आहेत. चावुंडरायांनी मूर्ती करविली आणि गंगराजांनी भोवतालचा परिवार करविला, एवढाच त्यांचा आशय. हे गंगराज म्हणजे होयसळ राजा विष्णुवर्धन यांचे सेनापती. त्यांच्या उल्लेखामुळे अभ्यासक हा लेख बाराव्या शतकाच्या आरंभीचा मानतात. मराठीच्या अगदी जुन्या ज्ञात लेखांपैकी हा एक. घरापासून शेकडो कोस दूर, कन्नड मुलखातील डोंगरावर, आपल्या भाषेतील शब्द नऊशे वर्षे उभे आहेत, हे कळल्यावर मुलाचा चेहरा पाहावा. शाळेत मराठी हा गुण मिळविण्याचा विषय असतो. येथे ती भगवंताच्या चरणांशी असते.

याच गंगराजांच्या नावाचा धागा पुढेही नेता येतो. हळेबीडू येथील बस्तीहळ्ळी भागात त्यांचे पुत्र बोप्प यांनी पित्याच्या स्मरणार्थ ११३३ मध्ये पार्श्वनाथ बसदी बांधली. पर्यटक होयसळेश्वराचे भव्य मंदिर पाहून परततात आणि थोड्याच अंतरावरील या बसदीकडे फारच थोडे जण वळतात. आतील काळ्या दगडाचे खांब इतके गुळगुळीत आहेत की त्यांत आपले प्रतिबिंब दिसते. मुले तेथे किती वेळ रमतात याचा अंदाज आधी बांधता येत नाही, तेव्हा पुढील कार्यक्रम सैल ठेवावा.

श्रवणबेळगोळचा दुसरा दिवस चंद्रगिरीसाठी राखावा. हा डोंगर लहान, पायऱ्या कमी आणि गर्दीही विरळ. विंध्यगिरी पाहून झाल्यावर पुष्कळ यात्रेकरू हा डोंगर टाळतात. मुलांच्या दृष्टीने मात्र तोच अधिक रम्य आहे. उत्तरेतील बारा वर्षांच्या दुष्काळाचे भविष्य जाणून अंतिम श्रुतकेवली भद्रबाहू संघासह दक्षिणेत आले आणि त्यांच्यासोबत सम्राट चंद्रगुप्त मौर्यही राज्य सोडून आले, ही परंपरा या डोंगराशी निगडित आहे. इतिहासाच्या पुस्तकात चंद्रगुप्त पाटलीपुत्राच्या सिंहासनावर असतात. ते पुढे कोठे गेले, हे पुस्तकात बहुधा नसते. येथे भद्रबाहूंची गुहा आहे, आणि चंद्रगुप्त बसदीत दगडी जाळीवर या दोघांच्या जीवनातील प्रसंग लहान लहान चौकटींत कोरलेले आहेत. हल्लीच्या मुलांना चित्रकथा वाचण्याची सवय असते. या चौकटी त्याच पद्धतीने वाचता येतात, केवळ त्यांना शब्द नाहीत.

दूरचा प्रवास सर्वांना शक्य नसतो, आणि पहिल्याच खेपेस लांबच्या क्षेत्री जाणे इष्टही नाही. कोल्हापूर-सांगली परिसरातील कुटुंबास कुंभोजजवळचे बाहुबली क्षेत्र हाताशी आहे. आचार्य समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने फुललेला तेथील आश्रम, गुरुकुलातील मुले, अठ्ठावीस फूट उंचीची शुभ्र संगमरवरी मूर्ती, आणि मागील डोंगरावरची मंदिरे. चार-पाच वर्षांच्या बालकासाठी याहून चांगली पहिली यात्रा दुसरी नाही. सकाळच्या पूजेस बसावे, गुरुकुलातील मुलांसोबत पंगतीत जेवावे, संध्याकाळी आरती करावी आणि रात्री तेथेच राहावे. आपल्याच वयाची मुले येथे राहतात, आपले कपडे आपण धुतात, ताट आपण घासतात, हे शहरातील मुलास कोणी उपदेश न करता दिसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये याच कुंभोज गावी झाला. शाळा म्हणजे काय आणि ती कोणासाठी असावी, याविषयी मुलांशी बोलावयाचे असेल तर ही जागा त्यासाठीही योग्य आहे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी वेरूळ. तेथील तीस ते चौतीस या क्रमांकांची लेणी जैन आहेत. ती इतर लेण्यांपासून बरीच उत्तरेस असल्याने आणि कैलास पाहूनच पाय थकत असल्याने पुष्कळ जैन कुटुंबेसुद्धा ती न पाहताच परततात. याचे वाईट वाटते. जैन कुटुंबाने उलट क्रम धरावा, आधी बत्तिसावे लेणे आणि मग कैलास. बत्तिसाव्या लेण्यास इंद्रसभा म्हणतात. वास्तविक तेथे हत्तीवर बसलेला आहे तो यक्ष, आणि आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली आहे ती अंबिका यक्षी. हत्ती पाहून लोकांनी त्याला इंद्र ठरविले आणि तिला इंद्राणी. ‘नाव चुकीचे का पडले ते शोधा’ असे सांगून मुलांना आत सोडावे. वेलींनी वेढलेले बाहुबली आणि नागफणांखालचे पार्श्वनाथ मुले स्वतः ओळखू लागतात, आणि ओळखता येणे हीच आपलेपणाची सुरुवात आहे. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, आणि ती पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर आत उजेड चांगला येतो. लेण्यांच्या वरच्या अंगास डोंगरावर तेराव्या शतकातील भव्य पार्श्वनाथ विराजमान आहेत, त्यांचे दर्शन चुकवू नये.

मांगीतुंगीविषयी मात्र सावधानतेचा शब्द सांगितला पाहिजे. ऋषभदेव भगवंतांच्या १०८ फूट उंच मूर्तीची २०१६ मध्ये प्रतिष्ठा झाल्यापासून तेथे सहकुटुंब जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. बागलाणातील ही दोन सुळके असलेली गिरिशिखरे चढण्यास हजारो पायऱ्या आहेत. दहा वर्षांखालील मुलास दोन्ही शिखरांचा आग्रह करू नये. मोठ्या मूर्तीचे दर्शन घडले तरी एका सुट्टीस पुरेसे आहे. ऋषभदेवांनी आपल्या कन्या ब्राह्मी आणि सुंदरी यांना जवळ बसवून एकीस अक्षरे आणि दुसरीस अंक शिकविले, ही कथा तेथे सांगावी, विशेषतः घरात मुलगी असेल तर. लिपीला ब्राह्मी हे नाव का, हेही त्यातून परंपरेच्या अंगाने उलगडते.

नाशिकजवळचे गजपंथा तुलनेने सोपे आहे. धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे देशभूषण-कुलभूषण मुनींचे निर्वाणस्थान आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली तेही तेथेच. घरातील आजोबांना त्या दिवसांच्या ऐकीव आठवणी असतील तर त्यांना बरोबर न्यावेच. विदर्भाच्या सीमेवरील मुक्तागिरी पावसाळा संपतासंपता पाहावे, बावन्न मंदिरे आणि त्यांच्या मधोमध कोसळणारा धबधबा. तेथील मेंढ्याची कथा, मरणसमयी कानी णमोकार मंत्र पडल्याने त्याला देवगती लाभल्याची, लहान मुलांना फार भावते. ओल्या पायऱ्यांवर मात्र मुलांचा हात सोडू नये.

आता आहाराविषयी. यात्रेत मुलांशी सर्वाधिक खटके उडतात ते याच बाबतीत. सूर्यास्तापूर्वी भोजन हा आपला नियम. दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात वेरूळला तो सातच्या आसपास मावळतो. म्हणजे दिवाळीच्या यात्रेत साडेपाचला पान वाढलेले हवे. क्षेत्रावरील भोजनालये ही वेळ पाळतात, पण वाटेतील गाडी पाळत नाही. यावर उपाय एकच, दुपारी चारनंतर प्रवास ठेवू नये. हा एक नियम पाळला तर अर्ध्या अडचणी उरत नाहीत. सोबत दशम्या, खाकरे, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या असाव्यात. कांदा-बटाटा-लसणाविना वाटेत काही मिळत नाही ही तक्रार खरी असली तरी दक्षिणेत इडली आणि दहीभात बहुतेक ठिकाणी मिळतो. सांबारात काय आहे ते मात्र विचारून घ्यावे.

परंतु येथे एका गोष्टीचे भान राखले पाहिजे. जैन परंपरेत व्रतग्रहणाची योग्यता आठ वर्षांनंतरच मानलेली आहे. पाच वर्षांचे मूल प्रवासाच्या शिणाने रात्री आठ वाजता दूध मागत असेल, तर सर्व यात्रेकरूंसमोर त्याला पापाची भीती घालून रडविणे हा काही संस्कार नव्हे. अशा वेळी धर्मशाळेच्या ओसरीवर चार वडीलधारी माणसे आईकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर त्या सुनेला पुढील दहा वर्षे यात्रेपासून दूर ठेवते. मोठ्यांनी व्रत पाळावे, प्रसन्नपणे पाळावे. मूल पाहते आहे. दहाव्या-बाराव्या वर्षी ते आपणहून म्हणते की, यात्रेचे तीन दिवस मीही रात्री जेवणार नाही. ते वाक्य त्याच्या तोंडून येऊ द्यावे.

याहून अवघड प्रश्न किशोरवयीन मुलांचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलास शाळेतील मित्र विचारतात की, तुमच्या देवाच्या अंगावर वस्त्र का नाही, तुमचे महाराज असे का फिरतात? मूल ओशाळते. घरी येऊन विचारले तर बहुधा “असे विचारू नये” हे उत्तर मिळते. मग ते विचारणे सोडते, आणि हळूहळू भिंतीवरील तसबिरीकडे पाहणेही सोडते. घरातील अडगळीत असे अनेक प्रश्न पडून आहेत. या प्रश्नाचे उत्तर देण्यास बाहुबलींच्या चरणांसारखी जागा दुसरी नाही. ज्याने राज्य सोडले, त्याने अखेरचे वस्त्रही ठेवले नाही. जवळ काहीही न उरल्यावर लपविण्यासारखेही काही उरत नाही. त्या मूर्तीच्या चेहऱ्याकडे पाहिले की हे पटते, कारण तेथे लाज नाही आणि गर्वही नाही. पालकांना नेमके शब्द सुचत नसतील तर क्षेत्रावरील त्यागी वा विद्वानांकडे मुलास न्यावे आणि त्याला स्वतः विचारू द्यावे. मुनिसंघ मुक्कामास असेल तर मुलास आहारदानाच्या वेळी लांबून का होईना उभे करावे. उभ्याने, ओंजळीत, दिवसातून एकदाच घेतला जाणारा आहार ज्याने पाहिला आहे, त्याला मित्रांसमोर खाली पाहावे लागत नाही.

मोबाईलचा उल्लेख टाळता येत नाही. तो घरी ठेवा असे सांगणे व्यासपीठावरून सोपे आहे आणि गाडीत अशक्य आहे. गाभाऱ्यात आणि पूजेच्या वेळी तो बंद राहील, एवढा एक नियम मोठ्यांसकट सर्वांनी पाळला तरी पुष्कळ झाले. त्यापेक्षा मुलांच्या हाती कामे द्यावीत. एकाने पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात, दुसऱ्याने खर्चाचा हिशेब लिहावा, तिसऱ्याने पायऱ्या मोजाव्यात. पायऱ्यांची संख्या प्रत्येक मुलाची वेगळी येते आणि त्यावरून संध्याकाळभर वाद चालतो, तोही यात्रेचाच भाग समजावा.

मुले आणखीही काही पाहत असतात. डोंगरावर आजीला नेण्यासाठी डोलीवाले येतात. चार माणसे एका माणसाला खांद्यावर घेऊन शेकडो पायऱ्या चढतात, आणि खाली पायथ्याशी आपण त्यांच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. थोड्याच वेळाने तेच हात दानपेटीत पाचशेची नोट टाकतात. मूल दोन्ही व्यवहार पाहते. दर ठरलेला असेल तो द्यावा, आणि वर चढल्यावर त्यांना पाणी विचारावे. त्याचप्रमाणे वाटेवर टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, लेण्यांच्या भिंतीवर कोरलेली नावे. ही नावे कोरणारे परके नसतात. आपल्याही आडनावांची तेथे वाण नाही.

अखेरीस या ट्रस्टपुढे एक विनंती. आपल्या गावात अशी कुटुंबे आहेत, ज्यांना सहकुटुंब यात्रा परवडत नाही. काहींच्या घरी कमावता माणूस एकच आहे, काही ठिकाणी तोही राहिलेला नाही. त्या घरांतील मुले पाठशाळेत नियमित येतात, स्तोत्रे मुखोद्गत म्हणतात, आणि श्रवणबेळगोळ त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेले असते. सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत पाठशाळेतील मुलांची एक यात्रा काढावी. सर्व मुले एकाच गाडीत, एकाच पंगतीत असावीत. कोणाचे पैसे कोणी भरले हे फक्त खजिनदारांस ठाऊक असावे आणि देणगीदारांची नावे गाडीत वाचून दाखवू नयेत. पाच मुलांमागे एक जबाबदार प्रौढ असावा, त्यांत निम्म्या महिला असाव्यात, प्रथमोपचाराची पेटी व प्रत्येक मुलाच्या पालकांचे लेखी संमतिपत्र असावे. आणि कथा सांगण्यासाठी दोन-तीन आजी-आजोबांना आग्रहाने बरोबर घ्यावे, त्यांचा प्रवासखर्चही ट्रस्टनेच करावा.

पहिल्या वर्षी फार दूर जाण्याचे कारण नाही. कुंभोजचे बाहुबली, दोन रात्रींचा मुक्काम. निघण्याची वेळ सकाळी सातची ठेवली तर मुले पुरेशी झोपून येतील, आणि दुपारच्या पंगतीच्या आत सर्व जण क्षेत्रावर पोहोचतील.

जय जिनेंद्र!